रविवारची सही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा बॉयलर फोरमन, धर्म ख्रिस्ती, राहणार लोखंडी जिन्याची इमारत, पहिला मजला, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अशा कागदावर "पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता" असे लिहायची पद्धत आहे. डॉक्टरांनी नमुन्याला दिलेल्या कागदावरही तसेच छापले आहे. त्यातले "पूर्ण शुद्धीत" एवढेच मी लिहितो. बाकीचे मला लिहिता येणार नाही. दबाव आहे. आणि राजीखुशीचे म्हणाल, तर गेल्या अकरा आठवड्यांत खुशी कशाशी खातात ते मी विसरलो आहे. आपली सही ज्याच्याखाली पडणार ते वाक्य खरे आहे का, हे आधी पाहायची सवय मी लावून घेतो आहे. ती मला फार उशिरा लागली, त्याचा खुलासा चौथ्या कलमात येईल.

अक्षर वेडेवाकडे दिसेल. त्यावरून कोणी माझे डोके ठिकाणावर नव्हते असा अर्थ काढू नये. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी परवा मला तपासले आणि म्हणाले, "तब्येत वयाच्या मानाने छान आहे. फक्त घाबरलेले आहात."

मी म्हणालो, "मग तसं लिहून द्या."

"घाबरल्याचं सर्टिफिकेट नसतं हो, फोरमन."

तेव्हा ते मीच येथे लिहितो. मी घाबरलेला आहे. सोमवारी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्यांपुढे माझा जबाब आहे. त्याच्या आधी किंवा नंतर माझे काही बरेवाईट झाले, तर हा कागद मागे असावा.

कलम पहिले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या एकुलत्या एका मुलीला. घर माझ्या नावावर असले तरी ते घर केले तिच्या आईने, मी फक्त खिळे ठोकले. तिची आई जाऊन सहा वर्षे झाली. जावयाला घर विकायचे असेल तर माझी हरकत नाही, पण आधी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलावा. गळका नळ दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. मागच्या खिडकीला गज नाहीत, ते लावून घ्यावेत. दाराला आतून नवी कडी मी याच मंगळवारी बसवली आहे, ती काढू नये.

मुलगी रोज फोनवर म्हणते, "बाबा, एकटे नका राहू. आमच्याकडे या." मी तिला सर्दी झाल्याचे सांगतो. मला सर्दी झालेली नाही. समोरच्या फुटपाथवर दोन माणसे मोटारसायकलला टेकून उभी असतात, सकाळी एक जोडी, दुपारी दुसरी. त्यांनी माझ्या मागोमाग तिच्या दारापर्यंत यावे हे मला नको आहे, एवढेच खरे कारण.

कलम दुसरे. माझी पान्यांची पेटी, पितळी हातोडी आणि काच कापायचे हत्यार हळूभाऊला द्यावे. हळूभाऊ म्हणजे आमच्या लाँड्रीतला बॉयलर अटेंडंट. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ही वाफेवरची लाँड्री. मी तिथे सव्वीस वर्षे काढली, त्याने बारा. हे नाव त्याला मीच दिले. साधा चहा प्यायला त्याला अर्धी पाळी लागते. झडप फिरवायची तर आधी तिच्याकडे बघणार, मग फडक्याने पुसणार, मग पुन्हा बघणार. मी खेकसायचो, "अरे, लग्न ठरवतोयस का तिच्याशी?" तो म्हणायचा, "साहेब, वाफ आहे. घाई तिला असते, आपल्याला नसावी."

हा माणूस आज अकरा आठवडे तुरुंगात आहे, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपाखाली. बॉयलरवरची निष्काळजी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातली निम्मी माझ्याच हाताखाली शिकली. हळूभाऊ त्यांतला नाही. पेटी तो ~~सुटला तर~~ सुटल्यावर द्यावी. खाडाखोड माझी आहे, बाजूला सही केली आहे.

त्या पेटीत मोठा पाना नाही. तो माझ्या धाकट्या भावाने "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेला, त्याला चौदा वर्षे झाली. तो त्याने ठेवून घ्यावा. मी त्याला क्षमा केली आहे असे नाही, मागायचे सोडले आहे.

कलम तिसरे. चर्चमधल्या तिसऱ्या बाकावरची कडेची जागा कोणाला लिहून देता येत नाही हे मला कळते. तरी तिथे एखाद्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसू द्यावे, पाय लांब करता येतात. माझे गीतांचे पुस्तक गायनमंडळाच्या प्रमुखाला. मी सूर सोडून गातो असे त्याने वार्षिक सभेत सर्वांदेखत म्हटले होते. माझ्या दफनाला बाजाची पेटी त्यानेच वाजवावी. मी गाणार नसल्याने त्याला त्या दिवशी तक्रारीला जागा राहणार नाही.

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, अकरा वर्षे 'वडील', म्हणजे कारभारी पंच, म्हणून निवडून आलो. प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट फिरवताना कधी मन कचरले नाही. माझे वडील रस्ते झाडायचे आणि झाडू भिंतीला लावून जेवणाआधी प्रार्थना करायचे, जाणारे-येणारे हसायचे. ते मला म्हणाले होते, "आपण इथे मूठभर. दुसऱ्या कोणी खोटं केलं तर त्याच्या एकट्याच्या नावाने बोंब होते. आपल्यातल्या एकाने केलं तर सगळ्यांच्या नावाने." हे वाक्य मला आता झोपेतून उठवते. मी तोंड उघडले तर उद्या भाजीच्या गाडीवर, शाळेच्या फाटकात, आमच्या साध्यासुध्या माणसांना लोक म्हणतील, "बघा, हे तुमचे देवाचे लोक." त्यांनी काही केलेले नसताना.

येथे लेखन थांबवावे लागले. गुरुवार, दुपारचे तीन. दारावर हलक्या हाताने तीन थापा पडल्या. मंगळवारीही पडल्या होत्या, तेव्हाच मी कडी आणली. मी स्वयंपाकघरात ओट्याच्या आडोशाला खाली बसून राहिलो. त्रेसष्ट वर्षांचा, नातवंडे असलेला माणूस, तोंडावर हात धरून. जिना उतरल्याचा आवाज आला तरी पाच मिनिटे उठलो नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या. शुक्रवारी पुन्हा तेच झाले, आणि मीही पुन्हा तेच केले.

कलम चौथे. हे कलम वेगळ्या पाकिटात घालून मोहोरबंद करावे आणि माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.

बॉयलरचा नियम असा, की रोज सकाळी चालू करण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून पाहायचा. वाफ जास्त झाली तर तिला बाहेर जायला वाट देणारी झडप ती हीच. ती मोकळी उचलली जाते का, पाण्याची पातळी बरोबर आहे का, हे पाहून रजिस्टरात वेळ टाकायची आणि परवाना असलेल्या फोरमनने सही करायची. परवाना माझा एकट्याचा होता. हॉस्पिटलांच्या चादरींना सुट्टी नसते, म्हणून लाँड्री रविवारीही अर्धा दिवस चालते. आणि रविवारी कामाला हात लावायचा नाही, असे मी एकोणीस वर्षांपूर्वी फोरमन झालो त्या पहिल्याच दिवशी जुन्या मॅनेजरला ठणकावून सांगितले होते. तो भला माणूस होता, माझ्या निष्ठेचे त्याला कौतुक वाटले. म्हणाला, "मग रविवारची ओळ शनिवारी संध्याकाळीच भरून ठेवत जा. देव काय रजिस्टर बघायला येतो?" दोघेही हसलो.

एकोणीस वर्षे मी दर शनिवारी संध्याकाळी सहाला लिहीत आलो: "रविवार. सकाळी सव्वाआठ. झडप हाताने उचलून पाहिली. मोकळी आहे. पाणी बरोबर." खाली सही. आणि रविवारी पांढरा शर्ट घालून तिसऱ्या बाकावर. चर्च तिथून दहा मिनिटांवर, त्यामुळे मंडळीत सर्वांना वाटे की मी कामावर डोकावून येतो. मी कोणाला तसे सांगितले नाही, आणि कोणाचा तो समज दूरही केला नाही. दहा आज्ञांतली चौथी, देवाच्या दिवशी काम न करण्याची, पाळायला मी दर आठवड्याला नववी, खोटी साक्ष न देण्याची, मोडली आणि वर छाती काढून चाललो. एकोणीस वर्षांत मला हे एकदाही खटकले नाही. घाबरायचे असेल तर या गोष्टीला घाबरायला हवे होते.

अकरा आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी झडपेतून वाफ फुसफुसत होती. मी नव्या मॅनेजरला सांगितले की बंद करून दुरुस्त करू. ते म्हणाले, सोमवारी बघू. मी रविवारची ओळ भरली आणि घरी आलो. त्या संध्याकाळी त्यांनी फिटरकडून झडप आवळून घेतली, म्हणजे फुसफुस बंद आणि रविवारचे काम चालू. हे फिटरने दुर्घटनेनंतर मला स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तो गावच सोडून गेला. रविवारी कोणी ती झडप उचलून पाहिली असती तर ती हललीच नसती. उचलायची जबाबदारी माझी होती. मी दुसरे गीत गात होतो तेव्हा वाफेचा नळ फाटला आणि वाफ शेजारच्या घडीच्या खोलीत शिरली. तिथे चादरींच्या घड्या घालणारी बाई होती. तिला आम्ही घडीवाली म्हणायचो, सर्वांत वेगवान हात तिचा. ती वाचली नाही. तिची म्हातारी आई तिच्याच जिवावर होती.

आता रजिस्टर म्हणते, सव्वाआठला झडप मोकळी होती, फोरमनने स्वतः पाहिली. म्हणजे त्यानंतर जे बिघडले ते हळूभाऊने बिघडवले. तो पहिल्या दिवसापासून सांगतो आहे, "साहेब रविवारी येत नाहीत." त्याचे कोणी ऐकत नाही, कारण कागदावर माझी सही आहे आणि मी खोटे लिहीत नाही अशी माझी ख्याती आहे.

मागच्या आठवड्यात नवे मॅनेजर फळांची पिशवी घेऊन घरी आले. म्हणाले, "फोरमनसाहेब, तुम्हाला नवं काही बोलायचंच नाही. सही तुमची आहे का विचारतील, हो म्हणायचं. ते तर खरंच आहे ना? तुमच्यासारख्या माणसाचा एक शब्द पुरतो." मग भिंतीवरचा फोटो पाहत म्हणाले, "मुलगी हॉस्पिटलात नर्स आहे ना? आमचं जुनं गिऱ्हाईक ते." जाताना दारात थांबून म्हणाले, "हा जिना जपून उतरत जा हं. गंजलाय." त्या दिवसापासून मी जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरतो. फळे तशीच पडून सडली, शेवटी टाकून दिली.

हे सगळे खरे आहे आणि मी मेल्यावर जगाला कळावे. जिवंतपणी सांगायचे धैर्य माझ्यात नाही. मला तुरुंगाची भीती वाटते, त्या दोन माणसांची वाटते, मुलीची नोकरी जाईल याची वाटते, आणि मंडळीसमोर उभे राहण्याची सर्वांत जास्त वाटते.

कलम पाचवे. बँकेतली माझी सर्व मुदत ठेव हळूभाऊच्या बायकोला मिळावी.

रविवार, सकाळ. पाचवे कलम लिहून झाले तेव्हा चर्चची घंटा ऐकू आली. मी गेलो नाही. आजारपण सोडता एकोणीस वर्षांत असे पहिल्यांदा झाले. खाली जाण्याची हिंमत नव्हती आणि त्या बाकावर बसण्याची तर मुळीच नव्हती. दहा वाजता डॉक्टर सहीला यायचे होते. साडेनऊला त्याच तीन थापा पडल्या. मी ओट्याच्या आडोशाला गेलो.

"फोरमनसाहेब, आत आहात ते कळतंय मला. चपला बाहेर आहेत तुमच्या."

बाईमाणसाचा आवाज होता. हळूभाऊची बायको. मोटारसायकलवाले वर आले असे समजून मी मंगळवारपासून जिच्यापासून लपत होतो, ती ही. मला हायसे वाटायला हवे होते. पण खरे सांगतो, त्या दोघांपेक्षा मला तिचीच भीती जास्त वाटली. दार उघडायला मी फार वेळ घेतला.

ती आत आली, पण बसली नाही. "मंगळवारपासून येतेय. आज चर्चला असाल म्हणून तिकडे गेले. दारातल्या बाईंनी तुमची जागा दाखवली. रिकामी होती." मग म्हणाली, "मला एकच विचारायचंय. त्या रविवारी तुम्ही कामावर आला होतात का?"

मी टेबलावरचा कागद पुढे केला. ती म्हणाली, "मला एवढं भराभर वाचता येत नाही, तुम्हीच वाचा." मी चौथे कलम वाचले. मध्ये डॉक्टर येऊन दारात उभे राहिले होते ते मला वाचून झाल्यावर दिसले. ती रडली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"हे कोणाला देणार?"

"पाकिटात घालून ठेवणार. माझ्यानंतर उघडतील."

"तुमच्यानंतर म्हणजे?"

"मी मेल्यावर, वहिनी."

ती डॉक्टरांकडे वळली. "यांना काही आजार आहे का हो?"

"तसा काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे अजून पंधरावीस वर्षं सहज जगतील. आणि तोवर आमचे हे आत." मग ती माझ्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाली, "मग मी रोज सकाळी उठून काय मागू? फोरमनसाहेब लवकर मरू देत, म्हणजे माझा माणूस सुटेल? असलं मागणं मी वैऱ्यासाठीसुद्धा मागितलं नाही कधी. तुमच्या देवाला मी ओळखत नाही. पण हे मागणं तुम्ही मला शिकवताय."

मी खाली मान घालून पाचवे कलम वाचून दाखवले. ठेव तिच्या नावावर आहे म्हणालो. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला.

डॉक्टर खाकरले. "एक सांगू का? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोने साक्षीदार म्हणून सही करू नये. यांना नाही चालणार. दुसरा साक्षीदार म्हणून मी कंपाउंडरला बोलावतो."

"थांबा," ती म्हणाली. "आमचं दोघांचं त्यातून काढलं, तर मला सही करता येईल?"

"येईल."

"मग काढा. मला तुमचं काही नको, फोरमनसाहेब. यांनी हे लिहिलं, मी कानांनी ऐकलं, डोळ्यांनी बघितलं, एवढं मला चौकीवर सांगता आलं पाहिजे. आणि पाकीटबिकीट काही नाही. आत्ता चला माझ्याबरोबर. सोमवारपर्यंत तुम्ही टिकणार नाही, ते परत येतील फळं घेऊन."

माझ्या तोंडून काय निघाले ते येथे लिहिल्यावाचून सुटका नाही. मी म्हणालो, "आज रविवार आहे."

ती म्हणाली, "हो. त्या दिवशीही होता."

कलम सहावे आणि शेवटचे. पाचवे कलम रद्द. दुसऱ्या कलमातली हत्यारेही मृत्युपत्रातून काढली, हळूभाऊ सुटल्यावर ती मी हयातीतच त्याला देईन. ती ठेव घडीवालीच्या आईला मिळावी, ती साक्षीदार नाही. चौथ्या कलमाच्या सुरुवातीची "माझ्या मृत्यूनंतरच" ही ओळ मी रद्द करतो. त्या कलमाची नक्कल डॉक्टरांनी काढली असून ती हळूभाऊच्या बायकोच्या हातात आहे. जिन्यावर माझे पाय मागे फिरले तरी तिचे फिरणार नाहीत. मंडळीचे वडीलपण मी आजपासून सोडले आहे. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी हे चौथे कलम व्यासपीठावरून वाचून दाखवावे आणि सोबत हेही सांगावे, की हे एकट्या माझे काम आहे, मंडळीतल्या कोणाला ठाऊक नव्हते. मुलीला मी आताच फोन केला. तिने कोणत्या चौकीवर ते विचारले. मग म्हणाली, "बाबा, मी चौकीवर येते." येऊ नकोस म्हणालो, तिने ऐकले नाही.

मला अजूनही भीती वाटते आहे. बूट घालताना नाडी बांधता आली नाही, ती डॉक्टरांनी बांधली. प्रार्थना करायला बसलो तर एकच शब्द आला, तोही अर्धा. येथे सही करतो आहे ती आजची आहे.

(सही) बॉयलर फोरमन

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: आज, रविवार. वेळ: सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. वरील सही माझ्यासमोर झाली. सही करणारे पूर्ण शुद्धीत आहेत. ते घाबरलेले आहेत, हेही त्यांच्या आग्रहावरून प्रमाणित करतो. (सही)

साक्षीदार दुसरी: हळूभाऊची बायको. मला यातून काही मिळणार नाही. सगळे वाचून दाखवले ते मी ऐकले. सही करताना मी बघत होते. मी सावकाश लिहिते, म्हणून ते दारात थांबलेत. (सही)